एका वितीसाठी

दिवाळीच्या आठवड्यात अमरावतीच्या जवाहर रोडवर किंवा अकोल्याच्या गांधी रोडवर फेरफटका मारलात, तर फटाक्यांच्या दुकानांपुढे सुतळीला टांगलेली टिकल्यांची पिस्तुले आणि बंदुका हमखास दिसतील. एखाद्या सहा-सात वर्षांच्या चिरंजीवांना विचारा, ‘बाळ, यांतली कोणती हवी?’ बोट सर्वांत लांब नळीच्या बंदुकीकडेच जाईल. टिकली त्यातही तीच फुटणार, आवाजही तेवढाच होणार. पण लांब ती चांगली, हे त्याच्या मनात पक्के असते. या एका बाबतीत मुलांचे आणि सेनापतींचे मत दोनशे वर्षे अगदी तंतोतंत जुळत होते. बंदूक आखूड करायची म्हटली की मोठमोठ्या पलटणींचे कपाळ आठ्यांनी भरत असे. ती आखूड कशी झाली, कोणी केली आणि आपल्या जवानाच्या हाती यायला तिला इतका उशीर का लागला, हे या वेळच्या सदरात पाहायचे आहे.

गृहिणींनी पान उलटण्यापूर्वी एक विनंती. मिलिमीटर आणि इंच यांचा जाच आम्ही शक्य तितका टाळणार आहोत. आजीबाई लुगडे मोजत ती मापे घेऊ. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे अठरा इंच. अंगठा आणि करंगळी ताणून धरली की एक वीत, म्हणजे नऊ इंच. दोन वितींचा एक हात. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे बंदुकीचा सारा इतिहास मोजता येतो. आणि गंमत अशी, की या इतिहासाची सुरुवात आपल्या वऱ्हाडातूनच करता येते.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानावर आर्थर वेलस्लीची फौज आणि नागपूरकर भोसल्यांची फौज समोरासमोर उभी राहिली. भोसल्यांच्या बाजूने शिंद्यांचे घोडदळही होते. मराठी तोफांनी आरंभीच अशी काही दाणादाण उडवली, की कंपनीचे काही शिपाई मागे फिरले आणि वेलस्लीला स्वतः पुढे होऊन त्यांना सावरावे लागले. पुढे काय झाले ते आपण जाणतोच. सुमारे पंधरवड्यातच, १५ डिसेंबरला, चिखलदऱ्याजवळचा गाविलगडही पडला. त्या काळी कंपनीच्या शिपायाच्या हाती जी बंदूक असे, तिला ‘इंडिया पॅटर्न’ म्हणत. ती भरायची नळीच्या तोंडाकडून, दारू ठासून. तिची लांबी पंचावन्न इंच, म्हणजे तीन हात. आणि आश्चर्य वाटेल, पण त्या जमान्यात हीच ‘आखूड’ बंदूक होती! इंग्लंडच्या राजाच्या सैन्याची नळी बेचाळीस इंचांची, तर ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या शिपायांसाठी ती एकोणचाळीस इंचांवर आणली होती. हेतू काटकसरीचा. पुढे फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर बंदुकांची टंचाई झाली आणि १७९७ पासून राजाच्या सैन्यानेही मुकाट्याने हिंदुस्थानी मापाची बंदूक उचलली. व्यापाऱ्याच्या कंजूषपणातून सैन्याची सुधारणा व्हावी, असे जगात फार वेळा घडत नाही.

पण मुळात तीन हात लांबी हवीच कशाला होती? त्याला कारणे होती. शिपाई दाट रांगांनी उभे राहून गोळी झाडत. मागच्याच्या नळीचे तोंड पुढच्याच्या कानामागे राहिले तर त्याचा कान भाजायचा. शिवाय दारू संपली की बंदुकीला संगीन लावून तिचाच भाला करायचा, आणि समोर घोडेस्वार असेल तर भाला लांबच हवा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात ज्यांनी बोथाटीचे हात पाहिले असतील, त्यांना हे सांगायला नको. मैदानात बोथाटीवाल्याच्या जवळ कोणी फिरकत नाही. मात्र तीच बोथाटी घेऊन तुम्ही एखाद्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत शिरा पाहू! तिथे जंबियाच कामाला येतो. बंदुकीचीही पुढे हीच अडचण झाली. लढाई मैदानातून खंदकात आली, खंदकातून घराच्या जिन्यात आली, मोटारीत आली, बांबूच्या रानात आली. आणि लांब बंदूक जिथे तिथे अडकू लागली.

इंग्रजांना हे बोअर युद्धात कळले. १९०३ च्या सुमारास त्यांनी पायदळ आणि घोडदळ या दोघांसाठी मिळून एकच रायफल काढली आणि तिच्या नावातच ‘शॉर्ट’ हा शब्द घातला. हीच आपली थ्री-नॉट-थ्री. लांबी साडेचव्वेचाळीस इंच, म्हणजे अडीच हात. एक गोळी झाडली की हाताने खटका मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि मग दुसरी. दोन महायुद्धे तिने पाहिली. १९६२ साली हिमालयात चिन्यांपुढे आपले बहुसंख्य जवान उभे राहिले ते हीच घेऊन, आणि समोरच्यांच्या हाती आपोआप भरणाऱ्या बंदुका होत्या. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यात सेल्फ लोडिंग रायफल तयार होऊ लागली. तिला खटका ओढावा लागत नसे. पण लांबी? पंचेचाळीस इंच. पुन्हा अडीच हातच! यंत्र नवे झाले, माप मात्र होते तिथेच राहिले.

ते का राहिले, याची कथा मोठी चुटपुट लावणारी आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर इंग्लंडमधल्या एनफील्डच्या कारखान्यात यान्सन नावाच्या पोलिश अभियंत्याच्या हाताखाली एक विलक्षण रायफल तयार झाली. तिचे नाव ई.एम.-२. तिची नळी थ्री-नॉट-थ्रीच्या नळीपेक्षा जेमतेम बोटभर कमी, पण एकूण लांबी पस्तीस इंच. म्हणजे नळी न कापता बंदूक चक्क एक वीत आखूड झाली होती!

ही वीत गेली कुठे? आमच्या एका स्नेह्यांनी आपल्या जुन्या घराची दुरुस्ती काढली, तेव्हा गवंड्याने जे केले तेच त्या अभियंत्याने केले. घरात एक ओसरी होती, तिचा उपयोग काय तर पाहुणा आला की टेकायला. गवंडी म्हणाला, साहेब, स्वयंपाकघर या ओसरीत न्या, आणि पुढची भिंत मागे घ्या. नेहमीच्या रायफलीचा दस्ता म्हणजे अशीच एक रिकामी ओसरी असते. खांद्याला टेकवण्यापलीकडे त्याला काम नाही. काडतुसांचे मॅगझिन, काडतूस नळीत ढकलणारा आणि पुंगळी बाहेर फेकणारा बोल्ट, हे सारे सामान चापाच्या पुढे मांडलेले असते. ते सगळे उचलून चापाच्या मागे, दस्त्याच्या पोटात नेले, की नळीही तेवढीच मागे सरकते आणि बंदुकीचे तोंड एक वीत अलीकडे येते. गोळीला मात्र काही फरक पडत नाही. तिला वेग मिळतो तो नळीतून जाताना मागून रेटणाऱ्या वायूमुळे. नळी तेवढीच, म्हणून वेगही तेवढाच. या मांडणीला इंग्रजीत ‘बुलपप’ म्हणतात, म्हणजे बुलडॉगचे पिल्लू. शब्द हास्यास्पद असला तरी आखूड, जाडजूड आणि पुढून चपट्या तोंडाच्या त्या बंदुकीकडे पाहिले की तो शोभतो खरा.

कल्पना अगदीच नवी नव्हती. १९०१ साली थॉर्निक्रॉफ्टची अशीच एक कार्बाइन निघाली होती आणि चाचणीतच नापास झाली होती. पण ई.एम.-२ खरोखरीच चांगली होती. १९५१ साली ॲटली यांच्या मजूर सरकारने ती सैन्यात घेण्याचा निर्णय जाहीरही केला. तेवढ्यात निवडणूक झाली, चर्चिलसाहेब परत आले आणि त्यांनी तो निर्णय फिरवला. कारण असे, की नाटोच्या सर्व दोस्त राष्ट्रांचे काडतूस एक असावे असे ठरत होते आणि अमेरिकेला आपले मोठे ७.६२ मिलिमीटरचेच काडतूस हवे होते. ई.एम.-२ तिच्या लहान काडतुसासाठी घडवलेली. मग इंग्लंडने बेल्जियमची रायफल घेतली. त्याच बेल्जियन घराण्यातली रायफल पुढे ईशापूरला तयार झाली, आणि अशा रीतीने लंडनच्या एका मंत्रिमंडळाच्या निर्णयाने आपल्या जवानाच्या खांद्यावर आणखी तीस-पस्तीस वर्षे अडीच हातांची बंदूक राहिली. अमेरिकेने पुढे स्वतःच ते मोठे काडतूस सोडून ५.५६ मिलिमीटरचे छोटे काडतूस पत्करले, ही त्यातली आणखी एक थट्टा.

आता कोणी म्हणेल, एवढी सोय असताना सगळ्यांनीच बुलपप का घेतली नाही? कारण स्वयंपाकघर ओसरीत नेले की धूर बैठकीत येतो. पहिली गोष्ट, चाप पुढे आणि त्याने हलवायचे यंत्र मागे. मधे एक लांब दांडी घालावी लागते, आणि चापाची ओढ बुळबुळीत होते. नेमबाजाला ते आवडत नाही. दुसरी, रिकामे मॅगझिन बदलायचे तर हात काखेखाली न्यावा लागतो. पडून नेम धरला असेल तर ही कसरत पाहण्यासारखी असते. तिसरी, धडाका कानाशी होतो. आणि चौथी गोष्ट डावखुऱ्यांची. आपल्या घराघरांत एखादे तरी मूल डावखुरे असते. नेहमीच्या रायफलीची तापलेली पुंगळी तोंडापासून वीतभर पुढे उडते. बुलपपमध्ये ती उजव्या गालाशी उडते. डावखुऱ्याने ती डाव्या खांद्यावर घेतली तर पुंगळी सरळ त्याच्या गालावर!

तरीसुद्धा १९७० नंतर या पिल्लाचे दिवस फिरले. १९७७ साली ऑस्ट्रियाने स्टायर कंपनीची रायफल घेतली. पुष्कळसे अंग प्लॅस्टिकचे, मॅगझिन पारदर्शक, नळी बदलता येणारी. ती इतकी नेटकी निघाली, की ऑस्ट्रेलियापर्यंत गेली. पाठोपाठ फ्रान्सची फामास आली. तिच्या आकारामुळे फ्रेंच शिपाई तिला ‘बिगुल’ म्हणत. आणि १९८५ साली इंग्लंडने, म्हणजे ज्यांच्या हातून चौतीस वर्षांपूर्वी ही संधी गेली होती त्यांनीच, एसए-८० ही बुलपप घेतली.

हिची कथा सविस्तर सांगण्याजोगी आहे. कागदावर सारे काही उत्तम होते: नळी वीस इंचांवर, पण लांबी एकतीस इंच, दुर्बीण बसवलेली, नेम तर अचूक. पण सैनिकांच्या हाती गेल्यावर तिने रडवले. मॅगझिन सोडण्याचा खटका अशा जागी, की चालता चालता अंगावर घासून मॅगझिन गळून पडे. डासांचे औषध लावलेला हात लागला की काही प्लॅस्टिकचे भाग विरघळत. १९९१ च्या आखाती युद्धात वाळूने ती अडू लागली. उजव्या खांद्यावरूनच झाडायची सक्ती होती, म्हणजे इंग्रज सैन्यातल्या प्रत्येक डावखुऱ्याने उजव्या हाताने लढायला शिकायचे! शेवटी २००० साली जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीला बोलवावे लागले. सुमारे दोन लाख रायफली खोलून त्यांचे पोट बदलले. खर्च नऊ कोटी वीस लाख पौंड. त्यानंतर ती अफगाणिस्तानात चांगली वागली. पण मधली पंधरा वर्षे ज्यांनी ती वापरली, त्यांचे काय?

चीननेही १९९७ साली हाँगकाँग ताब्यात घेताना आपली नवी बुलपप मिरवली. आता मात्र पाहा: २०१६ साली फ्रान्सने बिगुल खाली ठेवायचे ठरवून जर्मन बनावटीची नेहमीच्या मांडणीची रायफल निवडली, आणि २०१९ साली चीननेही नेहमीच्या मांडणीची नवी रायफल दाखवली. आखूड नळीतूनही चांगली मारा करणारी काडतुसे आणि आत सरकणारे दस्ते आल्यावर त्या वितीचे अप्रूप कमी झाले.

इकडे आपल्याकडे काय चालले होते? पुण्याला पाषाणच्या टेकड्यांच्या आसऱ्याला आयुध संशोधन व विकास संस्था आहे. १९५८ साली ती खडकीला सुरू झाली. पिनाक अग्निबाणाची पल्लेदार तोफ हीच तिची प्रसिद्धी. पण १९८० च्या दशकात तिच्याकडे एक घरगुती वाटावे असे काम आले. एकाच काडतुसाच्या तीन भावंडांचे कुटुंब घडवायचे: एक रायफल, एक हलकी मशीनगन आणि एक आखूड कार्बाइन. कुटुंबाचे नाव इन्सास. थोरली दोन भावंडे जन्मली, वाढली आणि १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात राजपथावरून चालली. धाकटे मात्र काही केल्या येईना.

पुणेकरांनी इन्सास रायफल बुलपप केली नाही. जुन्याच मांडणीत ती दोन हात आणि दोन-अडीच बोटांवर आणली. आम्हांला विचाराल, तर तो निर्णय शहाणपणाचा होता. इंग्रजांची एसए-८० तेव्हा जे हाल भोगत होती, ते पाहता पहिल्याच स्वदेशी रायफलीवर अवघड मांडणीचा प्रयोग करणे धाडसाचे झाले असते. इन्सासला सोप्या मांडणीतही कमी त्रास झाला नाही. १९९९ च्या कारगिलच्या थंडीत तिची पारदर्शक मॅगझिने तडकल्याच्या, बंदूक अडल्याच्या तक्रारी आल्या. पुढे दुरुस्त्या झाल्या, तरी नाव जे खराब झाले ते झालेच. या रायफलीची काडतुसे कुठे होतात, हे ठाऊक आहे काय? अकोल्याहून मुंबईकडे निघालात, की मलकापूर, बोदवड मागे टाकून भुसावळच्या अलीकडे वरणगाव लागते. तिथल्या १९६४ सालच्या आयुध निर्माणीत. उलट दिशेला अमरावतीकरांनी बडनेऱ्याहून गाडी धरली, तर धामणगावानंतर पुलगाव. तिथे सैन्याचे प्रचंड दारूगोळा भांडार. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागून जवान आणि अग्निशामक दलाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले, ती बातमी वऱ्हाडात घरोघर वाचली गेली. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचा आपला प्रवास असा काडतुसाच्या जन्मस्थानापासून त्याच्या कोठारापर्यंतचा आहे; आपण डबा उघडून पोळी-भाजी खात असतो, म्हणून लक्ष जात नाही.

धाकटे भावंड का येईना, त्याचे उत्तर पुन्हा नळीतच आहे. कार्बाइन म्हणजे मोटारीतल्या, रणगाड्यातल्या, जिन्यावरच्या माणसाची बंदूक. नळी आखूडच हवी. पण काडतुसातली दारू लांब नळीच्या हिशोबाने भरलेली. छोट्या पातेल्यात जास्त दूध तापवले, की ते बाहेर उतू जाते. तसेच इथे होते. दारू पुरती जळण्याआधीच गोळी बाहेर पडते आणि उरलेली आग तोंडातून भडका होऊन निघते. धक्का वाढतो, आवाज वाढतो, अंधारात डोळे दिपतात. इन्सासची कार्बाइन सैन्याने पत्करली नाही ती यामुळे.

तोवर जवानाच्या हाती काय होते? कानपूरला १९६३ पासून बनत आलेली स्टर्लिंग जातीची ९ मिलिमीटरची कार्बाइन. दस्ता उघडून दीड हात, मिटून हातभर. वागवायला सोयीची, पण काडतूस पिस्तुलाचे. समोरच्याने अंगात चिलखती जाकीट घातले असेल, तर त्या गोळीचा काय उपयोग? हा प्रश्न काल्पनिक नव्हता. काश्मीरमध्ये १९९० पासून कॉलाश्निकॉव्ह बंदुकांशी गाठ होती.

आणि २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र कोण विसरेल? अकोला, अमरावतीहून मुंबईला गेलेल्या प्रत्येकाला छत्रपती शिवाजी टर्मिनसचे ते लांब पल्ल्याच्या गाड्यांचे दालन ठाऊक आहे. सामानावर डोके ठेवून माणसे जिथे गाडीची वाट पाहतात, तिथे दोघा हल्लेखोरांनी पन्नासांहून अधिक माणसे मारली. तिथल्या पोलिसांजवळ ज्या काही बंदुका होत्या, त्यांत थ्री-नॉट-थ्री होती. अडीच हात लांब, प्रत्येक गोळीला खटका ओढायचा. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने सहकाऱ्याच्या हातातली तीच रायफल घेऊन गोळी झाडली होती. त्या माणसाच्या छातीचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण एकविसाव्या शतकात त्याच्या हाती १९०३ च्या घराण्यातली बंदूक असावी, याचा जाब कोणालाच विचारता येत नाही, हे आम्हांला आजही खटकते.

बुलपप तोपर्यंत भारतात आलेली होती, पण मूठभरांपुरती. या शतकाच्या आरंभी सरकारने इस्रायलच्या टॅव्होर रायफली मागवल्या. तीन हजारांवर, आणि त्या खास कमांडो दलांसाठी. इथे आपली मोजपट्टी पुन्हा काढा. इन्सासची नळी सुमारे शेहेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक हात. टॅव्होरची नळीही एक हात. इन्सासची एकूण लांबी दोन हातांवर थोडी. टॅव्होरची दीड हातावर थोडी. फरक पुन्हा तोच: एक वीत! हेलिकॉप्टरच्या दारातून उडी मारणाऱ्याला, नक्षलग्रस्त रानात बांबूच्या बेटातून वाकून जाणाऱ्याला ती वीत मोलाची असते. मेळघाटात काठी घेऊन हिंडलेल्यांना पटेल, रान काठीला सारखे धरून ठेवते. तिची धाकटी बहीण एक्स-९५ पुढे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कोब्रा तुकड्यांकडे गेली, आणि २०१७ साली ग्वाल्हेरजवळ मालनपूरला अशा बंदुकांचा खाजगी कारखानाही निघाला. पण साध्या पलटणीतला जवान, साधा पोलीस? तो दुकानाच्या काचेबाहेरच.

साध्या जवानासाठी खरेदीचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. ४४,६१८ कार्बाइनींसाठी निविदा निघाली, वर्षे गेली, स्पर्धेत एकच कंपनी उरली म्हणून ती बारगळली. २०१८ मध्ये निकड म्हणून संयुक्त अरब अमिरातीच्या कॅराकल कंपनीच्या ९३,८९५ कार्बाइनी घ्यायच्या ठरल्या. २०२० मध्ये तेही रद्द. मुलीचे स्थळ मोडावे तसे हे एकेक स्थळ मोडत गेले, आणि मधल्या काळात नवरदेवाचे केस पिकले.

मात्र पुणेकर गप्प बसले नव्हते. दूध उतू जाते, तर दूधच कमी घ्यावे, हा गृहिणीचा साधा विचार त्यांनी केला. ५.५६ मिलिमीटरचीच गोळी, पण पुंगळी पंचेचाळीस मिलिमीटरांऐवजी तीस मिलिमीटर लांब. दारू थोडी, आखूड नळीत पुरती जळेल इतकीच. मग त्या काडतुसाभोवती बंदूक बांधली. मॅगझिन कुठे ठेवले? पुढे नाही आणि पार दस्त्यातही नाही; मुठीतच. उजव्या हाताने जी मूठ धरायची तिच्याच पोटात. अंधारात मॅगझिन बदलताना एक हात दुसऱ्या हाताला आपोआप शोधतो, आणि काखेखालची कसरत वाचते. दस्ता आत सरकतो. सरकारी पत्रकात हिचे वर्णन ‘सेमी-बुलपप’ असे केले आहे, म्हणजे अर्धे पिल्लू. गवंड्याच्या भाषेत सांगायचे तर स्वयंपाकघर ओसरीत न नेता माजघरात आणले.

हिचे नाव जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाइन. असले नाव ठेवणाऱ्यांना बारशाला बोलवू नये. वजन सुमारे तीन किलो. मिनिटाला सातशेहून अधिक गोळ्यांचा वेग. शंभर मीटरच्या पलीकडेही मारा. वेळ पडली तर एका हाताने झाडता येते. उन्हाळ्यात आणि उंच डोंगरावरच्या हिवाळ्यात कस लावून ७ डिसेंबर २०२० रोजी सैन्याची शेवटची चाचणी ती उत्तीर्ण झाली. गृहमंत्रालयाची चाचणी त्याआधीच झाली होती आणि केंद्रीय व राज्य पोलीस दलांनी तिच्या खरेदीची तयारी चालवली होती. बंदूक कानपूरला बनते आणि तिचे बुटके काडतूस खडकीच्या १८६९ सालच्या कारखान्यात.

इथे एक मुद्दा डोळ्यांआड करता येत नाही. काडतूस वेगळे म्हणजे पुरवठा वेगळा. जवानाची रायफल आणि कार्बाइन एकच काडतूस खात असतील, तर लढाईत एकाने दुसऱ्याला मूठभर देता येते; वेगळे असेल तर शेजारणीकडून उसनी साखर आणावी आणि डब्यात मीठ निघावे, तशी गत. तीन भावंडांचे एक काडतूस ही मूळ कल्पना त्यासाठीच तर होती. सैन्याचा ओढा अखेर त्याच मोठ्या काडतुसाकडे राहिला. म्हणून त्याच संस्थेने भारत फोर्जच्या साथीने दुसरी कार्बाइन घडवली: नेहमीचे ५.५६ बाय ४५ चे काडतूस, मॅगझिन चापाच्या पुढे, मांडणी जुन्या वळणाची. जून २०२५ मध्ये सैन्याच्या सव्वाचार लाख कार्बाइनींच्या मागणीत भारत फोर्जची बोली सर्वांत कमी ठरली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये करार झाले; मोठा वाटा पुण्याकडे, उरलेला मालनपूरच्या त्याच कारखान्याच्या कंपनीकडे.

स्टर्लिंग कानपूरला बनू लागली तेव्हापासून या करारापर्यंत बासष्ट वर्षे होतात. इन्सासच्या त्या न जन्मलेल्या धाकट्या भावंडापासून मोजली तरी चाळीसच्या घरात. या काळात बुलपप आली, जगभर मिरवली आणि निम्म्या जगाने परतही केली. आपल्या साध्या जवानाला ती पुरती मिळाली नाही. मिळणार आहे ती आखूड नळीची, सरकत्या दस्त्याची, जुन्याच मांडणीची कार्बाइन. वापरताना पुंगळी मात्र त्याच्या गालापासून चांगली वीतभर पुढेच उडेल, आणि डावखुऱ्यालाही ती डाव्या खांद्यावर बिनदिक्कत घेता येईल.